टाका दिसला पाहिजे

दिगंबरभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घराच्या ओसरीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर. दुपारची वेळ होती. निर्मलावहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. पोटाच्या दुखण्यानं माणूस पार वाळला होता, पण अंगातला सदरा मात्र इस्त्रीचा. काय बोलावं ते न सुचून मी माझ्या मोबाइलवरचा एक फोटो त्यांच्यापुढे धरला. आदल्याच दिवशी वेबसाइटवर टाकलेली एक भरतकामाची पिशवी होती ती. त्यांनी मोबाइल आधी लांब धरला, मग नाकापाशी आणला आणि म्हणाले, "धार जास्त झाली मॅडम. धाग्याच्या कडेले पांढरी रेघ येऊन राह्यली." मी म्हटलं, फोटोची धार घरी गेल्यावर कमी करते. जेवणावरची त्यांची वासना उडाली होती, धाग्याच्या कडेवरची नव्हती.

त्यांनी मोबाइल परत दिला. मग म्हणाले, "जमनाबाईले आपन सांगतलंच नाही." मी "काय?" असं विचारलं, पण विचारायची काही गरज नव्हती. "पह्यल्या सालचं. माह्यानं झालं नाही मॅडम. दहा खेपा तोंडाशी आलं अन् गियलं... तुमी सांगजा." मी म्हटलं, बरे झालात की तुम्हीच सांगा. त्यावर ते हसले. "खोटं बोलनं तुमाले जमत नाही. कायले कोशिश करता?" तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथंच राहिलं. आठव्या दिवशी सकाळी, वर्गात टायपिंगची पहिली बॅच बसलेली असताना, वहिनींच्या भावाचा फोन आला. मी मुलांना घरी पाठवलं, वर्गाला कुलूप लावलं आणि पायीच त्यांच्या घराकडे निघाले. त्याला आता दीड महिना होतो आहे. त्यातला महिन्याहून जास्त काळ मी त्यांनी सांगितलेलं काम टाळण्यात घालवला, हे आधीच कबूल करून टाकते.

आमच्या किन्हीराजात स्टँडसमोर जो फोटो स्टुडिओ आहे, तो दिगंबरभाऊंचा. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि उन्हाळ्यात लग्नं. आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या भिंतींवरची जोडपी त्यांनीच उभी केलेली, "नवरदेव, मान थोडी खाली" असं म्हणून. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते माझ्या संगणक वर्गात आले तेव्हा मला वाटलं, मुलाच्या फीची चौकशी करायला आले असतील. "मीच शिकनार हाये," ते म्हणाले. "पोट्टं पुन्याले गेलं नोकरीले. आता अल्बम कोन करीन?" आणि खरोखरच अकरावीच्या पोरांमध्ये, पहिल्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून बसायला लागले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला कायम 'मॅडम' म्हणायचे. त्यात थोडा मान असायचा आणि बरीचशी थट्टा. मी चिडले की एका वाक्यात दोनदा म्हणायचे.

इतर पोरं टायपिंगवर रेंगाळत होती तेव्हा दिगंबरभाऊंनी फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर पाठ करून टाकलं. लग्नाच्या सिझनमध्ये त्यांच्याकडे हजारो फोटो यायचे आणि नवरीच्या आईची मागणी एकच, पोरगी गोरी आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, कातडी मऊ करायची, उजेड वाढवायचा आणि फोटो लहान करून वेगळा जतन करायचा, ही चारही कामं त्यांनी कीबोर्डच्या एका बटणावर बांधली. स्टुडिओत याला 'स्मूथ मारणं' म्हणतात. बटण दाबलं की काम फत्ते. रात्रंदिवस हळदीच्या मांडवात उभं राहिलेली नवरी त्या बटणाखालून निघाली की आठ दिवस झोपून उठल्यासारखी दिसायची. या बटणाचा त्यांना फार अभिमान होता. मला तर ती युक्ती इतकी आवडली की मी ती पुढच्या बॅचला शिकवली.

जमनाबाई आमच्याकडे आली ती पूनमच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, कसल्याशा फॉर्मसाठी. गावापासून चार किलोमीटरवर त्यांचा तांडा आहे. घरची थोडी कोरडवाहू जमीन, आणि दसरा उलटला की नवरा-बायको ऊस तोडायला दूर जायचे ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत. तिच्या खांद्याला एक पिशवी होती. काळ्या कापडावर लाल, पिवळे, पांढरे धागे इतके दाट भरलेले की खालचं कापड दिसेना, आणि मधे मधे आरशाचे बारीक तुकडे. मी विचारलं, हे कुणी केलं? "म्याच केलं, कायले?" ती जरा घुश्शातच म्हणाली. मी तेव्हा नुकतीच वेबसाइट करायला शिकले होते आणि काहीतरी करून दाखवायची हौस अंगात होती. मी म्हटलं, हे आपण नेटवर विकायला ठेवू. मोठ्या शहरातली माणसं घेतील. तिनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. दसऱ्यापर्यंत विकलं गेलं तर तिला त्या साली तोडीवर जावं लागणार नाही का? पूनम तेव्हा दहावीत होती. आई-बाप गेले की तिलाही बरोबर न्यावं लागायचं, कारण तांड्यावर मागे तिला सांभाळणारं कुणी नव्हतं. मी "हो" म्हणून बसले. इतक्या सहज "हो" म्हणायला नको होतं, हे आता कळतं.

त्या पावसाळ्यात जमनाबाईनं सहा पिशव्या केल्या आणि एक रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, दोन हात लांबीचा चौकोनी कपडा, लग्नकार्यात ताटावर झाकतात तो. त्यावर सोळा आरसे होते आणि कडेनं कवड्या. दिगंबरभाऊंनी फोटोचं काम आपणहून अंगावर घेतलं. श्रावणातली एक उघडीप पाहून आम्ही तांड्यावर गेलो. लिंबाखाली बाजेवर कपडा पसरला, ऊन थेट पडू नये म्हणून मी पांढरी चादर धरून उभी राहिले आणि भाऊ स्टुलावर चढून वरून फोटो घेत राहिले. जमनाबाई लांब उभी राहून बघत होती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, म्हणून फोटो कसे आले ते तिनं पाहिलं नाही, आणि दाखवावेत असं आमच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी स्टुडिओत बसून भाऊंनी सगळे फोटो तयार केले. मी पाहिले. मऊ, चकचकीत, रेशमासारखे. "किती छान दिसतायत," मी म्हटलं. हे शब्द माझे आहेत, त्यांच्या नावावर घालायचे नाहीत. त्याच दिवशी मी ते फोटो वेबसाइटवर चढवले.

एकही ऑर्डर आली नाही. भाद्रपद गेला, नवरात्र बसलं, मी रोज सकाळी वर्ग उघडला की आधी वेबसाइट बघायची. भाऊ दुपारी डोकावून फक्त भुवया उंचावायचे आणि मी मान हलवायची. दसऱ्यानंतर तांड्यावर ऊसतोडीची गाडी आली. जमनाबाई आम्हाला भेटायला आली ती पिशव्या आणि रुमाल परत न्यायला. "काई हरकत नाही," ती म्हणाली, "तुमी मेहनत केली." पूनम दाराशी उभी होती. दप्तर तिच्या पाठीवर होतं, का कोण जाणे. गाडी गेल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वेबसाइटवर पहिली चौकशी आली. कुठल्याशा शहरातल्या बाईनं विचारलं होतं, हे छापील कापड मीटरवर मिळेल का, आणि रंग धुतल्यावर जातो का?

छापील! मी तो निरोप भाऊंना वाचून दाखवला. त्यांनी कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला आणि शेजारी वेबसाइटवरचा. मूळ फोटोत प्रत्येक धागा वेगळा, कुठं सुटलेला, कुठं दोरा बदललेला. वेबसाइटवरच्या फोटोत एकही टाका नाही. लाल रंगाचा एक पट्टा, पिवळ्याचा एक पट्टा, जणू रंगाच्या ब्रशनं ओढलेला. भाऊंनी लग्नाच्या फोटोंच्या सवयीनं ते बटण दाबलं होतं. नवरीच्या गालावरून मुरुमं पुसावीत तसे जमनाबाईचे टाके पुसून टाकले होते. हजारो टाके, एका बटणात. आणि मी शेजारी बसून किती छान म्हटलं होतं. ते बराच वेळ दोन्ही फोटोंकडे पाहत बसले. मग म्हणाले, "पोट्टीचं साल गेलं ना मॅडम." मला रडू आलं, ते मी तिथंच रडून घेतलं.

होळीच्या सुमारास जमनाबाई परत आली आणि पहिल्याच भेटीत म्हणाली, "माह्या हातात आता तो कस राह्यला नाही भाऊ. डोये बी गेले. लोकायले नाही पसंत पडलं." भाऊंनी तोंड उघडलं... मी त्यांच्याकडे पाहत होते, मला वाटलं आता सांगणार. पण ते म्हणाले, "तसं काई नाही बाई. या साली होईन." बस, एवढंच. आणि मीही गप्प राहिले. त्यानंतर सांगायला दरवेळी अजून एक दिवस जास्त झालेला असायचा. ज्यानं लगेच सांगितलं नाही त्याला पुढं सांगणं किती अवघड होत जातं, हे मी त्या चार वर्षांत शिकले. आमचं गुपित काही मोठं नव्हतं, पण तिच्या मनात तिचा हात गेला होता आणि तो आम्ही परत देत नव्हतो.

सांगता आलं नाही म्हणून की काय, भाऊ कामाला लागले. फोटो लहान करताना नेमकं काय होतं ते त्यांनी खोदून खोदून शिकून घेतलं. मी जे शिकवू शकत होते ते चार दिवसांत संपलं, पुढचं ते मला शिकवू लागले. कॅमेऱ्यातला फोटो भिंतीएवढा, वेबसाइटवर दिसायचा तळहाताएवढा. म्हणजे लहान करताना संगणक शेजारशेजारचे ठिपके एकात एक मिसळतो आणि बारीक धागे आपोआप पुसट होतात. म्हणून फोटो लहान केल्यानंतर त्याला थोडी धार लावायची. आधी लावली तर वाया जाते, आणि जास्त लावली तर धाग्याची तार होते. "आधी काप, मंग लहान कर, अन् धार आखरीले," हे ते वर्गातल्या पोरांना पाढ्यासारखं म्हणायला लावायचे; काप म्हणजे कडेचा नको तो भाग छाटायचा. विळ्याला धार लावतात तीच धार. शिवाय फोटो ज्या मापाचा दिसणार आहे त्याच मापावर डोळे लावून धार बघायची, मोठा करून बघायचं नाही. वजनही हलकं पाहिजे. "आपल्या इथच्या नेटवर जड फोटो उघडेपावतर मानूस म्हातारा होते," असं म्हणून ते तोच फोटो पाच वेळा जतन करून बघायचे. मूळ फोटोला मात्र कधी हात लावला नाही. काम करायचं ते त्याच्या नकलेवर, ही लग्नाच्या धंद्यातली शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी घालून घेतलेली एक अट. जमनाबाईनं पाहिल्याशिवाय एकही फोटो वेबसाइटवर जाणार नाही. त्यासाठी ते मोटारसायकलवरून तांड्यावर जायचे, आणि मुद्दाम सगळ्यात स्वस्तातला, काचेला तडा गेलेला एक मोबाइल घेऊन जायचे. "गिऱ्हाइकाचा मोबाइल कसा असते ते आपल्याले काय मालूम," म्हणायचे. तो मोबाइल भर उन्हात तिच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, यातला कोणता टाका तुझा आणि कोणता पूनमचा? तोवर पूनमही आईशेजारी बसून भरायला लागली होती. जमनाबाई डोळे बारीक करून बघायची. "हा माहा. हा पूनमचा, कच्चा हाये." तिला सांगता आलं की फोटो पास. नाही सांगता आलं तर भाऊ निमूट परत यायचे आणि पुन्हा धार लावत बसायचे. एकदा एका थैलीसाठी त्यांनी सात खेपा केल्या. निर्मलावहिनी म्हणाल्या, "एवढ्या खेपा तं मले पाह्याले नाही केल्या तुमी." भाऊ म्हणाले, "तू पह्यल्याच खेपेले साफ दिसली ना."

दुसऱ्या वर्षी ऑर्डरी आल्या. खूप नाही, पण दसऱ्याआधी आल्या. गाडी तांड्यावर आली तेव्हा जमनाबाई चढली नाही, नवरा तेवढा ट्रॅक्टर चालवायला गेला. पूनम शाळेत काही परत गेली नाही, वर्गातली पोरं पुढं गेली म्हणून तिला लाज वाटत होती. भाऊंनी तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षेला बसवलं, गणितासाठी माझ्या मागे लागले. पहिल्या खेपेला नापास झाली तेव्हा तिच्यापेक्षा त्यांचंच तोंड उतरलं. दुसऱ्या खेपेला पास झाली तर अख्ख्या स्टँडला पेढे. गाव म्हणायचं, दिगंबरभाऊंचं मन किती मोठं! असं कुणी म्हटलं की ते तिथून उठून जायचे. मला कारण माहीत होतं आणि म्हणून मी मान खाली घालायची.

आणि ते बटण? ते त्यांनी काढूनच टाकलं. नवरीच्या फोटोंसाठीसुद्धा. यावरून स्टुडिओत भांडणं व्हायची. एका नवरीची आई अल्बम आपटून म्हणाली, "आमची पोट्टी अशी दिसते काय?" भाऊ शांतपणे म्हणाले, "अशीच दिसते बाई. अन् बेस दिसते." निम्मी लग्नं आमच्या तालुक्याच्या मालेगावातल्या स्टुडिओंकडे गेली. वहिनी कुरकुरल्या, मुलानं पुण्याहून फोन करून समजावलं, मीही सांगून पाहिलं की भाऊ, कपडा वेगळा आणि नवरी वेगळी. ते ऐकायचे आणि करायचे तेच. मला त्यांचा रागही यायचा. स्वतःला अशी शिक्षा करण्यापेक्षा त्या बाईला दोन वाक्यं सांगणं सोपं नव्हतं का? पण मीही ती दोन वाक्यं कधी बोलले नाही, तेव्हा माझ्या रागाला तसा काही अर्थ नव्हता.

ते गेल्यावर तेराव्याला जमनाबाई आणि पूनम आल्या होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. नंतर आठवड्याला एकदा तरी तांड्यावर फोटोसाठी जाणं होत होतं, तेव्हाही. एकदा वहिनींनी भाऊंची हार्ड डिस्क माझ्या स्वाधीन केली. म्हणाल्या, "याचं काय असीन ते तुमीच पाहा. मले कायी समजत नाही." त्या डिस्कमध्ये सालवार सगळं नीट लावलेलं होतं. पहिल्या सालच्या फोटोंचा संच उघडायची माझी हिंमत होईना. शेवटी मागच्या रविवारी मी डिस्क आणि लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळीच निघाले, कारण दुपारपर्यंत थांबले असते तर पुन्हा काहीतरी निमित्त सापडलं असतं.

जमनाबाई दारापुढच्या सावलीत बसून भरत होती, पूनम शेजारी. पाणी झालं, विचारपूस झाली. मग मी सांगितलं. मधे थांबले नाही. बटणाचं सांगितलं, टाके पुसले गेल्याचं, छापील कापडाच्या चौकशीचं, आणि किती छान म्हणणारी मीच होते तेही. भाऊंनी जाताना सांगायला सांगितलं होतं, हे मात्र शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांच्या मरणाच्या आड लपल्यासारखं झालं असतं. जमनाबाईनं सुई कापडात खोचून ठेवली. मग तिनं विचारलं, "म्हंजे टाके चांगले होते?"

"चांगले होते," मी म्हटलं.

"अन् माहा हात गेला नव्हता."

"नव्हता."

"चार साल माह्या मनात तेच होतं. पिसव्या इकल्या जायच्या तरी मले वाटे, भाऊ दया करून कोनाले तरी घ्याले लावते." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "पूनमचं साल गेलं. ते जाऊ द्या, ते गेलंच. पन सांगतलं काहून नाही? मी काय मारलं असतं तुमाले?" मी म्हटलं, लाज वाटली. "लाज तुमाले वाटली, अन् हात माहा गेला," ती म्हणाली. पूनम माझ्याकडे न बघता जमिनीवर काडीनं रेघा ओढत होती. मी उठून उभी राहिले, निघावं असं वाटलं. तेवढ्यात जमनाबाई पुन्हा बोलली, पण या वेळी माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. "तो रुमाल म्या उसवला ना... नासला म्हनून उसवला. आरसे काढले, कवड्या काढल्या, दुसऱ्या थैल्यायले लावल्या. माह्या आईचा नमुना होता तो. तिनं शिकवलं होतं मले, एकदाच. आता मले बी सारं आठोत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. भाऊंनाही नसावं, असलं असतं तर ते जगूच शकले नसते. मी तशीच खाली बसले, लॅपटॉप काढला, डिस्क जोडली आणि पहिल्या सालचा संच उघडला. मूळ फोटो, कुणी हात न लावलेला. रुमाल पडदाभर पसरला. जमनाबाई आधी लांबूनच बघत राहिली, मग सरकत जवळ आली. मी मोठा केला, आणखी मोठा केला. एकेक टाका बोटाएवढा दिसायला लागला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. "पूनम, इकडं ये. हे पाह्य, इथी तीन घर सोडून फिरते धागा. इथीच माहं चुकत होतं." पूनम उठून आली. दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या.

मी फोटो पुढं सरकवत होते आणि एक आरसा पडद्याच्या मधोमध आला. नखाएवढा आरसा, पण इतका मोठा केल्यावर त्यात आकाश दिसत होतं, लिंबाची फांदी दिसत होती, आणि स्टुलावर वाकलेला एक माणूस. पांढरा सदरा, तोंडापुढं कॅमेरा. शेजारी चादर ताणून धरलेली मी. वेबसाइटवरच्या गुळगुळीत फोटोत या आरशाचा नुसता एक पांढरा ठिपका झाला होता आणि मूळ फोटो इतका मोठा करून कुणी बघितला नव्हता, म्हणून हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मी दुसरा आरसा पाहिला, तिसरा पाहिला. सोळाही आरशांत आम्ही दोघं होतो. मला पुढचं नीट दिसेना. जमनाबाईनं मान वाकडी करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"दोघं बी सापडले," ती म्हणाली. आणि हसली नाही, पण तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं.

मला माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. म्हणावं असं मलाही वाटत नव्हतं. मी डोळे पुसून लॅपटॉप मिटायला लागले तर तिनं माझा हात धरला. "राहू द्या. किती येळ चालते हे?" मी म्हटलं, बॅटरी दोन तास चालेल, आणि हवं तर मोठा छापून आणून देते. "छापून आना. पन आज दोन घंटे बसा." मग तिनं पूनमला आतून काळं कापड, लाल दोरा आणि आरशांची डबी आणायला सांगितली. कापडाची घडी मांडीवर उलगडून तिनं सुईत दोरा ओवला आणि मला फोटो इकडं तिकडं सरकवायला लावलं, या आरशावरून त्या आरशावर. सुरुवात कोपऱ्यातून करतात, एवढं मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. ती कोपऱ्यापाशी थांबली नाही. ज्या आरशात भाऊ सगळ्यात साफ दिसत होते, तिथं तिनं मला थांबवलं आणि तिथून टाके मोजायला घेतले.